धुऱ्यावरची पांढरी साडी

रात्रपाळ्या संपल्या की जी सुट्टी मिळते, तिला आम्ही नर्सा नाइट ऑफ म्हणतो. त्या दिवशी माणसानं झोपावं अशी रीत आहे. बाकीच्या झोपतात. त्यांच्या घरी दार हळू लावणारं कुणीतरी असतं, 'झोपू द्या गं तिला' म्हणून लेकरांना दटावणारं कुणीतरी असतं. माझ्या क्वार्टरमध्ये आवाज करायलाच कुणी नाही, आणि नेमकं त्यामुळंच मला झोप येत नाही. पडलं की पंखा ऐकू येतो. पंखा बंद केला की शेजारच्या नळाची टिपटिप ऐकू येते. मग मी म्हणते, मरू दे ती झोप, आणि स्कुटी काढते.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी विचारतात, सिस्टर, सुट्टीला काय केलं? मी सांगते, रोही बघितले. की झालं, हसायला सुरुवात. आमच्या हिंगोलीकडं रोही बघायला जाते म्हणणं म्हणजे पुण्याच्या माणसानं ट्रॅफिक बघायला जातो म्हणण्यासारखं आहे. रोही म्हणजे नीलगाय, शेतकऱ्याच्या जिवावर उठलेलं जनावर. रातोरात हरभरा चट करतं, सोयाबीनचे कोवळे शेंडे खुडतं, आणि हाकललं तर थोडं लांब जाऊन उभं राहतं आणि वळून आपल्याकडंच बघतं. त्याला बघायला कुणी पेट्रोल जाळतं का? मी जाळते. स्कुटी माझी, पेट्रोल माझं, सुट्टी पण माझीच.

माझं लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल एवढंच पुरे. लेकरू नाही. ड्युटीवर असताना सगळा वॉर्ड 'सिस्टर, सिस्टर' करून डोकं खातो, आणि ड्युटी संपली की मला हाक मारायला कुणी उरत नाही. पूर्वी माय फोन करायची. फोनवर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, 'जेवली का गं?' रात्रपाळी असो, दिवसपाळी असो, सकाळचे सहा वाजलेले असोत, तिला तेच विचारायचं असायचं. मी चिडायचे. 'सकाळी सहाला कोण जेवतं गं माय?' तर म्हणायची, 'मंग रातचं जेवली का?'

माय गेली त्याला वर्ष होऊन गेलं.

तर त्या दिवशीची गोष्ट. माघातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, थंडी सकाळपुरती उरली होती. हिंगोलीहून पुसेगावकडं जाताना रस्त्यानं जागोजागी हळद शिजत होती. शेतात ड्रम मांडलेले, खाली जाळ, बाजूला ओल्या हळदीचे ढीग, आणि तो मातकट गोड वास, नाकात बसला की दिवसभर निघत नाही. हळदीची शेतं सोडली की हरभऱ्याची शेतं, आणि हरभरा आला की साड्या आल्या.

आमच्या भागात आता सगळीकडं हेच कुंपण आहे. बाजारात जुन्या साड्यांचे गठ्ठे वजनावर मिळतात. आणायचे, शेताभोवती बांबू रोवायचे, आणि एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत साड्या ताणून बांधायच्या. वाऱ्यानं त्या हलतात, फडफडतात, माणसाचा वास येतो, रोह्यांना वाटतं माणसं उभी आहेत. गुलाबी, पिवळ्या, चमकीच्या, बिबट्याच्या कातड्यासारख्या ठिपक्यांच्या, कुणाकुणाच्या लग्नातल्या. मैलभर एखाद्या मोठ्या कुटुंबाचं धुणं वाळत घातल्यासारखं दिसतं. मला गंमत वाटायची. मी स्कुटी हळू करून बघायचे, की बाई, ही कुणाची असेल, ही कशाला विकली असेल. त्या दिवशीही मी तसंच बघत, मनाशी हसत गेले.

आमचं गाव पुसेगावच्या पुढं, आणि गावाच्या मागं फॉरेस्टचा डोंगर. डोंगर म्हणजे काही सह्याद्री नव्हे. साग, सालई, धावडा, मधूनमधून मोह, खाली सीताफळाची दाट झुडपं आणि पळस. मी गावात शिरत नाही. बाहेरच्या वाटेनं डोंगराच्या मागच्या अंगाला जाते, मोहाखाली स्कुटी लावते आणि चढते. वर एक सपाट कातळ आहे. त्याच्या एका बाजूला जंगलाचा उतार आणि नाल्यातला डोह दिसतो. दुसऱ्या बाजूला खाली शेतं, आणि डोंगराला लागून पहिलं शेत माझ्या भावाचं.

मी त्या शेताकडं पाठ करून बसते. गावातल्या एका बाईनं मला एकदा जाताना बघितलं आणि म्हणाली, 'अक्का, भावाच्या डोक्यावर येऊन बसती आन् भावाच्या घरी येत न्हाई, हे काय?' मी म्हणाले, 'डोंगर फॉरेस्टचा आहे, भावाच्या सातबाऱ्यावर नाही.' पण तिनं विचारलं ते काही चूक नव्हतं.

भांडण एका साडीवरून होतं. मायच्या बाकीच्या साड्या कुणीही न्याव्या, माझं म्हणणं नव्हतं. मला फक्त एक पांढरी हवी होती, निळ्या काठाची. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगारात तिला घेतली होती. पौर्णिमेला आंघोळ करून ती साडी नेसून माय विहारात वंदनेला जायची. जयंतीच्या मिरवणुकीत तीच. एरवी घडी घालून पेटीत, वर कडुनिंबाचा पाला. एकदा वंदनेला वाकताना मेणबत्ती लागून पदराला भोक पडलं. माय रडायचीच बाकी होती. मी माझ्या जुन्या युनिफॉर्मचा चौकोनी तुकडा कापून ते भोक शिवून दिलं. बारीक टाके घातले, जखमेला घालतात तसे. तर ती गावभर पदर दाखवत फिरली, 'हे बघा, माह्या पोरीची नोकरी माह्या पदराला लागली.'

माय गेल्यावर पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्या दिवशी मी वहिनीला साडी मागितली. ती खाली बघून म्हणाली, 'समद्या वाटल्या, अक्का.' मला पटलं नाही. जयंतीला गेले तेव्हा परत विचारलं, तर तेच. मग भावाला फोन केला. तो म्हणाला, 'बघतो.' आणि बघितलं काहीच नाही, उलट माझे फोन टाळायला लागला. मी तोंडानं फटकळ आहे, पण त्या वेळी मी कुणालाच काही बोलले नाही. मनाशी एवढंच ठरवलं की ती साडी मिळाली तर मला माहेर आहे, नाही मिळाली तर नाही. नाही मिळाली. तेव्हापासून मी त्या घराचा उंबरा चढले नव्हते.

कातळावर पोचले तेव्हा ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांना लागलं होतं. सातभाई जागे झालेले होते आणि भांडतही होते. ही पाखरं सात-आठ जणं मिळून एका झुडपात शिरतात, अखंड कलकलाट करतात, आणि एकानं उडी मारली की बाकीचे पाठोपाठ उड्या मारतात. एवढं भांडून एकत्र कसे राहतात, कोण जाणे. आमच्याकडं भावंडं दोनच, आणि दोघांना एका झुडपात बसता येईना.

गळ्यात दुर्बीण होती. आमच्याकडं बॉण्डवर आलेली एक डॉक्टरीण बदली होऊन जाताना देऊन गेली. एका बाजूची काच जरा धूसर आहे, पण मला चालते. डोहाच्या काठी लांडोरी उतरल्या, त्यांच्या मागं एक मोर, पिसारा मिटून, उगीच आलोय असं दाखवत. ऊन खाली आलं तशी कातळाच्या भेगेतून एक घोरपड निघाली आणि पोट टेकून शेकत पडली. तिचा एक डोळा माझ्यावर होता. मी हलले नाही, तीही हलली नाही. अर्धा डोंगर तिचा आणि अर्धा माझा, असा आमचा समझोता आहे.

आणि मग रोही आले. खालच्या पळसांतून आधी काहीच दिसत नव्हतं, नुसती एक फांदी हलली. मायचं शिकवणं आठवलं. ती म्हणायची, 'जनावर शोधू नको. आधी कान बघ. कान हाललं की त्याच्यामागं जनावर असतंच.' लहानपणी मी तिच्याबरोबर राखणीला जायचे. आमच्या शेताच्या कोपऱ्यात, जिथून नाला डोंगरात वर जातो, तिथं ती पोतं अंथरून बसायची, हातात पत्र्याचं डबडं आणि एक काठी. रोही आले की डबडं वाजवायची आणि ओरडायची, 'हुर्रर्र! आले का मेल्यांनो, घरी चूल पेटत न्हाई का तुमची?' एकदा पौर्णिमेला ती विहारातून थेट शेतात आली, पांढऱ्या साडीतच, घरी जाऊन बदलायला उशीर झाला असता म्हणून. त्या संध्याकाळी रोही नाल्याच्या तोंडाशी आले, तिच्याकडं बघत उभे राहिले आणि डबडं न वाजवताच माघारी गेले. माय जाम खूश. म्हणाली, 'पांढऱ्याला भेतात गं मेले!' तिला जनावरं बघायची हौस नव्हती, तिला ती हाकलायची होती. पण बघायला शिकले ते मी तिच्याकडूनच.

कान हलले. फाटका कान. कळपाच्या पुढं चालणारी एक जुनी मादी आहे, तिचा डावा कान मधोमध चिरलेला आहे. मी तिला कानफाटी म्हणते. तिच्या मागं दोन तरण्या, एक पाडस, आणखी दोघीजणी. नर जरा लांब, निळसर काळा, मानेखाली केसांचा झुबका घेऊन एकटाच बोरीची पानं ओरबाडत होता. पाडसानं आईच्या पोटाखाली डोकं घातलं, तिनं पाय झटकला, त्यानं परत घातलं. मी दुर्बीण डोळ्याला लावूनच म्हणाले, 'ते बघ.'

कुणाला म्हणाले? शेजारी माझी चप्पल आणि पाण्याची बाटली होती.

एकटं हिंडायची मला भीती वाटत नाही. बिबट्याची पण वाटत नाही. पण जनावर दिसलं की 'ते बघ' म्हणावंच लागतं, तोंडातून आपसूक निघतं, आणि ऐकायला कुणी नसलं की दिसलेलं अर्धंच राहतं. मी फोननं फोटो काढून वॉर्डाच्या ग्रुपवर टाकला. एवढ्या लांबून रोही म्हणजे मातीचं ढेकूळ. तिघींनी अंगठा दाखवला. एकीनं विचारलं, 'सिस्टर, परवा माझी मॉर्निंग तुम्ही करता का?' मी फोन पालथा घालून ठेवला.

डबा उघडला. दोन भाकरी, ठेचा, थोडं पिठलं. एक पुरते मला, पण हाताला दोनची सवय आहे. माय असताना मी नाइट ऑफला घरी यायचे आणि येताना एक भाकरी तिच्यासाठी आणायचे. तिला माझ्या हातची जाड भाकर आवडायची नाही, ती तोंडावर सांगायची, आणि तरी खायची. दुसरी भाकर मी कुस्करून सातभाईंना टाकली. तिच्यावरूनही ते भांडले.

दुपारी कळप अंजनाच्या झाडाच्या सावलीत बसून रवंथ करायला लागला आणि मला तिथं कातळावर गाढ झोप लागली. क्वार्टरमध्ये गादीवर न येणारी झोप तिथं दगडावर आली. जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं, दुर्बीण छातीवर होती आणि अंजनाखाली कुणी नव्हतं. मी डोह बघितला, पळस बघितले. सगळे गेले. मला इतकं वाईट वाटलं की सांगते, डोळ्यांत पाणीच आलं. दिवसभर ज्यांच्या संगतीला बसले ते न सांगता उठून गेले. वेडेपणाच तो, पण वाटलं ते वाटलं.

तेवढ्यात मागून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मागून म्हणजे शेताच्या बाजूनं. वर्षभर मी त्या बाजूला वळून बघितलं नव्हतं. त्या दिवशी रोह्यांसाठी वळले.

कळप नाल्यानाल्यानं खाली उतरत होता. पुढं कानफाटी. मी दुर्बीण लावली आणि तिच्या मागं मागं नेली. नाला संपतो तिथं भावाच्या शेताचा कोपरा, माय बसायची तोच. शेतात हरभरा घाट्यांवर आलेला, हिरवागार. कानफाटी धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाजवळ, गेली आणि गचकन थांबली. मागचेही थांबले. तिचे दोन्ही कान पुढं, मान ताठ. ती कशाकडं बघतेय म्हणून मी दुर्बीण थोडी सरकवली.

साड्या होत्या. भावानं पण बांधल्या होत्या, बाकीच्यांसारख्याच. एक गुलाबी, एक पिवळी, एक जांभळ्या फुलांची. आणि कोपऱ्यात एक पांढरी. काठ निळा.

मी दुर्बिणीची काच पुसली. परत बघितलं. मग उठले, आणि डबा, बाटली, पिशवी सगळं तिथंच टाकून उतरायला लागले. डोकं असं तापलं होतं की सीताफळाच्या फांद्या तोंडावर बसत होत्या तेही कळत नव्हतं. समद्या वाटल्या म्हणे! धुऱ्याला वाटली होती व्हय? जी साडी माय काठाला धूळ लागू नये म्हणून उचलून धरायची, ती जनावरं हाकलायला टांगली? मी मोठ्यानं बोलत उतरत होते. माझा आवाज ऐकून कळप उधळला आणि माझ्या अंगावरूनच डोंगरात पळाला. कानफाटीच्या डोळ्यातलं पांढरं दिसलं मला. मी ज्यांना बघायला जाते ते मला भिऊन पळाले, पण त्या वेळी मला त्याचंही काही वाटलं नाही.

पांढऱ्या साडीशी पोचले आणि गाठीला हात घातला. गाठ घट्ट होती. बांबू आणि साडी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, कापड घासून फाटू नये म्हणून. शेजारची गुलाबी नुसती तारेनं आवळली होती, तिच्या चिंध्या झाल्या होत्या. मी पदर शोधला. आतल्या बाजूला दुमडून ठेवलेला होता. उलगडला, तर माझ्या युनिफॉर्मचा चौकोनी तुकडा, माझे टाके.

आणि मग माझ्या ध्यानात आलं की साडी स्वच्छ आहे. बाकीच्या सगळ्या धुळीनं मळलेल्या, पाखरांनी घाण केलेल्या, कडक झालेल्या. ही पांढरीशुभ्र. नाकाला लावली. साबणाचा वास आला.

'अक्का?'

भाऊ हरभऱ्यातून येत होता, हातात पाण्याची कॅन. माझ्याहून धाकटा आहे, पण केस माझ्याआधी पिकले. वर्षात आणखी पिकले होते.

'तू कुठून आली?'

'आभाळातून पडले. ही साडी इथं काहून हाय?'

त्यानं कॅन खाली ठेवली.

'मायची विहाराची साडी रोही हाकलायला बांधली? लाज कशी वाटली न्हाई रे तुला? मी किती येळा मागितली! वैनी म्हणती वाटल्या. कोणाला वाटली? ह्या बांबूला?'

'वैनीला काही म्हणू नको. मीच तिला तसं सांगाया लावलं होतं.'

'काहून?'

'तू नेली असती.'

तो धुऱ्यावर बसला. म्हणाला, 'बस ना.' मी उभीच राहिले.

'समद्या धुऱ्यानं साड्या बांधल्या,' तो सांगायला लागला. 'आठ रोज भेले. मंग घुसले, ते इथूनच. डबल बांधल्या, तरी घुसले. हा कोपरा मायचा होता ना अक्का. इथं बाकी कुंपणाची गरजच न्हाई पडली कधी. मंग ही आणून बांधली. तवापासून इथून एक बी आत आलं न्हाई.'

'पांढऱ्याला भेतात,' मी म्हणाले.

'व्हय. माय म्हणायची.'

'मग दुसरी पांढरी बांधायची! बाजारात पांढऱ्या साड्यांचा दुष्काळ पडला का?'

तो ढेकूळ उचलून बोटांनी फोडत राहिला. माझा भाऊ असा बोलणारा नाही. लहानपणी मार खाल्ला तरी काही सांगायचा नाही. मग खाली बघूनच म्हणाला, 'लाइट रातची असती, अक्का. एकटाच येतो पाणी द्यायला. अंधारात काहीच दिसत न्हाई. बांधावर आलो की लांबून हे पांढरं दिसतं. वाटतं, हाय कोणीतरी.'

मी बसले.

'पौर्णिमेला सोडतो,' तो म्हणाला. 'तुही वैनी धुती. वाळली की परत बांधतो. त्या राती मी सोताच बसतो इथं.'

खूप रडू आलं मला. नुसतं डोळ्यांतून नाही, आवाज काढून रडले. वर्षभर वॉर्डात कुणी गेलं की त्याच्या माणसांना धीर देणारी मी, तिथं हरभऱ्यात बसून लेकरासारखी रडले. तो माझ्याकडं न बघता बसून राहिला. आमच्यात पाठीवर हात वगैरे ठेवत नाहीत. मग तो उठला आणि साडीची गाठ सोडायला लागला. 'ने तू,' म्हणाला. 'तूच आणलेली हाय. तुहा हक्क हाय.' गाठ त्याच्यानं सुटेना. कशीबशी एक बाजू सुटली. साडी खाली लोंबली आणि त्या कोपऱ्यातून नाला दिसायला लागला, उघडा, मोकळा. तो त्या मोकळ्या जागेकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं.

'राहू दे,' मी म्हणाले. 'हरभरा निघाला की नेते.'

'हरभऱ्यामागं भुईमूग हाय.'

'मग भुईमूग निघाल्यावर.'

'मंग सोयाबीन हाय.'

'म्हणजे द्यायची न्हाईच म्हण की सरळ!'

तो हसला. मीही हसले, नाक पुसत. सुटलेली बाजू मी माझ्या हातानं बांधली, बँडेजला घालतो तशी चपटी गाठ, हिसका बसला तरी न सुटणारी. पदर परत आत दुमडला. त्यानं गाठ ओढून बघितली आणि मान हलवली.

'घरी चल,' तो म्हणाला. 'वैनी भाकरी टाकून राहिली.'

'आज नको रे. उद्या सकाळची ड्युटी हाय.'

'चल ना. खाऊन जाय.'

'नको. स्कुटी मागच्या अंगाला लावली, अंधार पडंल.'

त्यावर तो 'बरं' म्हणाला आणि कॅन उचलली. आमच्याकडं बोलावलं की माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा उठतो. तिसऱ्यांदा म्हणायचं काम मायचं होतं. आमच्या दोघांना ते कधी शिकावंच लागलं नाही. तो हरभऱ्यातून घराकडं गेला, मी नाल्यानं वर निघाले. मध्येच एकदा थांबून मागं बघितलं, तोही थांबला होता. पण हाक कुणीच मारली नाही.

कातळावर डबा, बाटली, पिशवी होती तशीच होती. घोरपड भेगेत गेली होती. खरं तर लगेच निघायला हवं होतं, पण मी बसले, आणि बसले ती शेताकडं तोंड करून. गावातून धूर वर आला. आमच्या घरावरचा धूर कुठला ते मला ओळखू आलं. दिवस मावळला तशी आधी जांभळी फुलं गेली, मग गुलाबी गेली, मग पिवळी. शेवटी सगळा धुरा एकच काळपट झाला आणि कोपऱ्यात तेवढं पांढरं राहिलं. वारा पडला होता. ते हलत नव्हतं, नुसतं उभं होतं.

नाल्यात दगड वाजला. मी दुर्बीण लावली. आधी कान दिसले, त्यातला एक फाटका. कानफाटी धुऱ्यापर्यंत आली, थांबली, आणि मान ताठ करून त्या पांढऱ्याकडं बघत राहिली. मागं सगळा कळप तिच्यासारखाच उभा. कुणी डबडं वाजवलं नाही, कुणी हुर्रर्र केलं नाही. थोड्या वेळानं ती वळली आणि सगळ्यांना घेऊन आल्या वाटेनं डोंगरात निघून गेली.

माय गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. रोह्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.